मदत हवी आहे: शिबिरात थर्मल कॅमेरा आणावा का?

नमस्कार. आमच्या बचत गटांतर्फे स्तनाच्या कर्करोगाचं तपासणी शिबिर ठरतंय. एक कंपनी थर्मल कॅमेरा घेऊन फुकट यायला तयार आहे. हात लावायचा नाही, दाबायचं नाही, पडद्याआड पाच मिनिटांत काम. बायका लगेच तयार झाल्या. मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तन दाबून काढायच्या एक्स-रेचं, नाव काढलं की पदर घट्ट धरतात.

माझं मन मात्र घेत नाही. हा कॅमेरा त्वचेची उष्णता टिपतो, आणि अशी तपासणी (थर्मोग्राफी) हा मॅमोग्राफीला पर्याय नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने बजावलंय. ‘काही नाही’ असा कागद हाती आला की पुढे गाठ लागली तरी बाई अंगावर काढेल, ही धास्ती वाटते.

टाटा हॉस्पिटलने मुंबईत १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासलं, तर पन्नाशीपुढच्या बायकांचे या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.

असं हाताने तपासणीचं शिबिर कुणी घेतलंय का? संशयित निघालेल्या बाईच्या मॅमोग्राफीचा, जाण्यायेण्याचा खर्च कसा उभा केलात? आणि फुकटचा कॅमेरा का नाकारला, हे बायकांना कसं समजावू? कंपनीला शुक्रवारपर्यंत कळवायचंय.