मदत हवी आहे: सेकंडहँड बेसवरचे पिकअप कोणाचे आहेत? (पी-जे, नाव कुठेच नाही)

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात राहते आणि जुन्या मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवते. नुकताच कळव्यातल्या एका काकांकडून चार तारांचा सेकंडहँड बेस घेतला. हेडस्टॉकवर नाव नाही, मानेच्या प्लेटवर नंबर नाही, बॉडीचा रंगही नंतर कोणीतरी मारलेला. काकांनाही तो दुसऱ्याकडून मिळालेला. वाद्याचं कूळ नाही कळलं तरी चालेल, पण मानेकडच्या पिकअपचं (तारांचं कंपन विद्युत-संकेतात बदलणारा चुंबक आणि कॉइलचा भाग) कळायलाच हवं. त्याचा आवाज मला अतिशय आवडलाय. तबल्यासोबत वाजवताना डग्गा आणि बेस एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात. एका दुकानात दाखवला तर "दोन्ही काढा, नवीन सेट टाका" एवढंच सांगितलं. ते मला पटलं नाही, म्हणून स्वतः उघडून पाहिलं.

आधी हा मानेकडचा पी पिकअप, म्हणजे फेंडरच्या प्रिसिजन बेसच्या धर्तीचा. काळी कव्हरं, वर लोगो नाही. प्रत्येक तारेखाली दोन दांड्या, जाडी जेमतेम ५ मिमी, कडा खडबडीत ओतीव. खालून पाहिलं तर पट्टी-चुंबक नाही, दांड्यांची टोकं तशीच दिसतात आणि प्रत्येक टोक स्क्रूड्रायव्हर ओढून घेतं. म्हणजे दांड्याच चुंबक आहेत, अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचा मिश्रधातू) असणार. वायर कापडी वेष्टनाची, एक काळी, एक पांढरी. तळाच्या काळ्या फायबरवर जांभळ्या शाईचा शिक्का आहे, पण तो इतका पुसलाय की मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तरच शेवटचा ४ कसाबसा दिसतो. मल्टीमीटरवर १०.६ किलोओहम आले. खोलीत तेव्हा ३२ अंश तापमान होतं. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे २० अंशांना हा आकडा १०.१ च्या आसपास येईल. कंपन्यांचे आकडे थंड हवेतले असतात, आपल्याकडे मे महिन्यात मोजून थेट जुळवायला गेलं तर फसायला होतं.

यावरून काही कंपन्यांची नावं बाद झाली. बॅटरी नाही आणि कव्हरं बंद नाहीत, म्हणजे ईएमजीचे नेहमीचे पिकअप नाहीत. डिमार्झिओच्या मॉडेल पी-ला वरखाली करता येणारे ॲलन स्क्रू असतात, इथे ते नाहीत. सेमूर डंकनच्या क्वार्टर पाउंडच्या दांड्या पाव इंच, म्हणजे ६ मिमीहून जाड, तेही नाही. उरतात १९५७ च्या स्प्लिट-कॉइल (दोन तुकड्यांत विभागलेल्या) फेंडरच्या धर्तीचे साधे अल्निको पिकअप, आणि ते बनवणारे पुष्कळ आहेत.

एक गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते. पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करायच्या बटणांखालचे भाग) सीटीएस कंपनीचे, २५० किलोओहमचे, मोठे. मागे १३७९६४१ कोरलंय: १३७ म्हणजे सीटीएस, पुढे १९९६ सालचा ४१ वा आठवडा. पण ज्या भोकांत ते बसवलेत, ती कानशीने रुंद केलेली आहेत, घासल्याच्या रेघा अजून दिसतात. म्हणजे मूळ पॉट आशियाई बनावटीच्या बेसवर असतात तसे बारीक असावेत आणि कुणीतरी मन लावून चांगला माल बसवला असावा. मग पी पिकअपही त्याच वेळी बदललेला असेल, असा माझा कयास.

ब्रिजकडचा (तारांच्या खालच्या टोकाकडचा) जे पिकअप, म्हणजे जॅझ बेसच्या धर्तीचा, मात्र त्या हातचा वाटत नाही. त्याचे खांब साधे लोखंडी, खाली सिरॅमिक पट्टी चिकटवलेली, प्लास्टिकची शील्डेड वायर, ७.३ किलोओहम. एकटा वाजवला की गुणगुणतो, म्हणजे खरा सिंगल कॉइल. लांबी ९२ मिमी, खाचेत एका बाजूला फट राहते. जॅझ बेसच्या जोडीत ब्रिजकडचा साधारण ९४ चा असतो, म्हणजे इथे मानेकडचा तुकडा ब्रिजला बसवलाय. जी तार तिथे पडेल वाजते, त्याचं कारण बहुधा हेच.

दोन्ही एकत्र चालू केले की बूड जातं, आवाज डबा होतो. काट्याचा मीटर लावून खांबांना स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि झटकन उचलला: पी-चा काटा उजवीकडे, जे-चा डावीकडे. म्हणजे फेज उलटी, दोघांचे संकेत एकमेकांना मारतात. जे-च्या वायर अदलाबदल केल्या तर शील्डवरूनच (वायरच्या बाहेरच्या वेष्टनावरून) सिग्नल जाईल आणि आणखी आवाज करेल, म्हणून पी-च्या दोन कापडी वायर उलटवणार आहे. त्या सुट्या आहेत, तिथे ही अडचण नाही.

आता तुमच्याकडून हवंय ते असं. जांभळ्या शाईचा शिक्का, काळं फायबर आणि कापडी वायर असा पी पिकअप १९९६ नंतरच्या काळात कोणाचा पाहिलाय का? फोटो खाली जोडते, तळाचा आणि कडेचा वेगळा. तुमच्याकडे तसाच असेल तर प्लीज उघडून तळाचा फोटो टाका, शिक्का अर्धवट असला तरी चालेल. दुसरं, या पी-ला शोभेल असा ९४ मिमीचा अल्निको जे हवाय, हम-कॅन्सलिंग (गुणगुण मारणारा) असला तर उत्तम, कारण आमच्या कार्यक्रमांत स्टेजवर लाइटचे डिमर अगदी जवळ असतात. आणि ठाणे-नवी मुंबईत किंवा लॅमिंग्टन रोडला असा कारागीर कोणी आहे का, जो आधी मोजेल, ऐकेल आणि मगच बदलायचं की नाही ते सांगेल? पी पिकअपच्या एका वायरचं कापड मुळाशी उसवत चाललंय, ती डोळ्यासमोर नीट करून घ्यायची आहे.