बफरला नवीन गेट होतंय अन् रिसॉर्टवाले वावर मागून राहिले, विकावं का?

धुऱ्यावरचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. चिमूर तालुक्यात, ताडोबाच्या बफरला, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरच्या पट्ट्याला, लागून आमचं गाव. नाव मुद्दाम सांगत नाही, गावातले अर्धे पोट्टे इथं वाचतात अन् उद्या पानठेल्यावर हाच विषय होईल. तर आमच्या बाजूनं बफर सफारीचं नवीन गेट होणार अशी बोलणी सुरू आहे. कागदावर अजून काही नाही पण दलाल कागदाच्या आधीच येऊन बसले. रस्त्याला लागून आमचं साडेतीन एकर वावर आहे, पावसाळ्यात धान, मागून हरभरा, अन् त्यातलं अर्धं रानडुकरं नेतात. त्यातलं दोन एकर एका रिसॉर्टवाल्याला पाहिजे. भाव असा सांगितला का बाबा दोन दिवस नीट जेवलेच नाही.

लहान भाऊ म्हणते विकून टाकू, सफारीची जिप्सी गाडी घेऊ, दोन खोल्या काढू. बाबा म्हणते वावर गेलं तर आपण इथले कोण. आई कोणाचीच बाजू घेत नाही, तिचं एकच, रात्री वावर राखायला जागलीला जाणं बंद होऊ द्या कसंही करून.

कॉलेजात मी पर्यटनाचे फायदे-तोटे असा निबंध लिहिला होता, विकसनशील देशाला विदेशी चलन, रोजगार, संस्कृतीची देवाणघेवाण वगैरे, दहापैकी आठ मार्क भेटले. आता घरातच विषय निघाला तर त्यातलं एक वाक्य कामी पडत नाही. ज्यांच्या गावात हे आधी झालं त्यांनी सांगा बापा, पैसा गावात राहते का निघून जाते?

जिप्सी_नंबर_२७
भाऊ मी बारा वर्षांपासून गेटवर आहे, आधी गाईड, आता स्वतःची गाडी. पहिले चांगलं सांगतो. माझ्या बापानं उन्हाळाभर तेंदूपत्ता तोडून, फळीवर पुडके मोजून जेवढं कमावलं तेवढं मला सीझनमध्ये त्याच्यापेक्षा लवकर भेटते अन् सावलीत बसून भेटते. पोरगी नागपूरला शिकते. गावातल्या बाया गाईड झाल्या, ज्या बायांना आधी तहसीलला जायची भीती वाटे त्या आता दिल्लीच्या पाहुण्याला खडसावतात, गाडीत उभं राहू नका म्हणून. हे खोटं नाही, हे डोळ्यानं पाहिलं.

आता दुसरी बाजू. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोर, म्हणजे जंगलाचा आतला राखीव भाग, बंद. मंगळवारी बंद. नंबर लागते रोटेशननं, म्हणजे गाडी तुमची असली तरी रोज फेरी भेटत नाही. मारुतीनं जिप्सी बनवणं केव्हाचंच बंद केलं, त्यामुळे जुनी गाडी शोधा, ती घेऊन वर्षातून दोनदा तिचं पोट उघडा, पार्ट भेटत नाही. २०१२ च्या जुलैत सुप्रीम कोर्टानं कोरमधलं पर्यटन थांबवलं होतं, ऑक्टोबरात उठलं, तेवढ्या दिवसात आमच्यातल्या दोघांनी बायकोचं सोनं गहाण टाकलं. मग मार्च २०२० ला लॉकडाऊन, गेट बंद, हप्ता सुरू. तेव्हा ज्याच्याकडे वावर होतं त्यानं निदान तांदूळ खाल्ला. ज्यानं वावर विकून गाडी घेतली होती त्याचं काय झालं ते इथं नाही लिहीत, तो माझा साडू आहे.

तुझ्या भावाला सांग जिप्सी घे, पण वावर विकून नको घेऊ.

लोणारचा_खारा
तुमाले निदान प्रॉब्लेम तरी आहे बापा 😀 आमच्याकडे उल्का पडून झालेलं सरोवर आहे, बेसाल्ट खडकातलं, जगात अशी विवरं बोटावर मोजण्याइतकी. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तर सगळ्या टीव्हीवर, नोव्हेंबरात पाणथळ जागांना भेटते तो रामसरचा आंतरराष्ट्रीय दर्जा. अन् पर्यटक? संभाजीनगरहून सकाळी येते, काठावरून फोटो काढते, सोबत आणलेला डबा खाते अन् संध्याकाळी परत. कचरा तेवढा मुक्कामी राहते.
असो, तो रिसॉर्टवाला फार झाला असेल तर इकडे पाठवा.

मोहाखालची
दादा मी मोहर्लीकडची, बचत गटात आहे. आमच्या घरी दोन खोल्यांचा होमस्टे. आईचं नाव काढलं तुम्ही म्हणून लिहिते, नाही तर इथं फक्त वाचते.

जागल बंद होत नाही. गेट आलं म्हणून डुकरं यायची थांबत नाहीत. कुंपण, सोलर, गॅस हे बफरच्या गावांना जन वन विकास योजनेतून भेटू शकते, २०१५ पासूनची योजना आहे, त्यासाठी वावर विकावं लागत नाही, समितीत अर्ज करावा लागते अन् मागं लागावं लागते. तेवढं आईला सांगा.

होमस्टेचं म्हणाल तर पहिल्या वर्षी फक्त लाज वाटली. पुण्याच्या मॅडम आल्या, इंडियन संडास आहे का वेस्टर्न विचारलं. आम्ही वेस्टर्न बसवला, कर्ज काढून. नंतरच्या पाहुण्यांना चुलीवरचंच पाहिजे, पाटोडी पाहिजे, अन् आम्ही तर गॅस आला म्हणून चूल मोडली होती! परत मांडली. सरकार म्हणते धूर नको अन् पाहुणा म्हणते धूर पाहिजे, मधात आमचे डोळे.

पण पैसा हातात येते, माझ्या हातात येते, हे मोठं आहे. रिसॉर्टात काम करणाऱ्या बाया पाहिल्या का तुम्ही? भांडे अन् चादरी. मॅनेजर बाहेरचा, कुक बाहेरचा, भाजी नागपूरहून गाडीनं येते. गावची भाजी घ्या म्हटलं तर म्हणे रोज एकसारखी नसते. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात तळाला जाते अन् पलीकडे एका ठिकाणी निळ्या टाइल्सचा स्विमिंग पूल भरलेला. मी तिथल्या मालकाला वाईट नाही म्हणत, त्याच्याकडे बोअर खोल मारायचे पैसे आहेत, आमच्याकडे नाही, एवढंच.

तिसऱ्या_बाकावरचे_सर
मोहाखालची ताई, तुम्ही जे लिहिलं त्याला अर्थशास्त्रात गळती म्हणतात, पर्यटकाचा पैसा येतो पण भांड्याला खालून भोक असतं. विमान, बुकिंग, हॉटेलचा मालक, आयात केलेलं सामान, यातून तो परत निघून जातो. माझा साळा मालदीवला एका बेटावरच्या रिसॉर्टात स्वयंपाकी होता, चार वर्षं. तिथं एक बेट एक रिसॉर्ट असा प्रकार, मासे सोडले तर बहुतेक सगळं जहाजानं नाही तर विमानानं येतं, कांदाही. तो सांगायचा की शेजारच्या गावातल्या लोकांना तो चार वर्षांत फक्त बोटीवर भेटला. तिथं कितीतरी वर्षं पर्यटकांना गावांच्या बेटांवर मुक्कामाची मोकळीकच नव्हती, २००९-१० च्या सुमारास नियम बदलले तेव्हा साध्या माणसांनी गेस्टहाऊस काढली. पर्यटक तेच, समुद्र तोच, फक्त खोलीचा मालक बदलला तर पैसा गावात राहायला लागला.

आणि निबंधात आठ मार्क मिळाले ते विदेशी चलन, ते खोटं नाही बरं का. पण त्यावर सगळं घर टेकवलं तर काय होतं ते श्रीलंकेत दिसलं. २०१९ ला ईस्टरचे बॉम्बस्फोट, पर्यटक पळाले, सावरेपर्यंत कोविड, आणि २०२२ मध्ये पेट्रोलला रांगा. फक्त पर्यटनामुळे झालं असं नाही, कर्जं होती, करकपात होती, खतांचा घोळ होता, पण डॉलरचा तो नळ बंद होणं हे एक मोठं कारण होतं. जिप्सीवाल्या भाऊंच्या साडूची गोष्ट आणि श्रीलंकेची गोष्ट फारशी वेगळी नाही.

भूतान उलटा गेला. १९७४ पासून पाहुणे घेतो पण मोजून. बाहेरच्यांना आता एका रात्रीचे १०० डॉलर नुसती फी, आपल्याला १२०० रुपये. आधी २०० डॉलर केली होती, पाहुणे कमी झाले तेव्हा २०२३ मध्ये अर्धी केली. म्हणजे त्यांनाही नेमका आकडा सापडायला वेळ लागला.

रामदेगीचा_पाहुणा
सर तुमचं भूतान ठीक आहे, आमचं ऐका.

आमचं गाव कोरमधून उठवलं. पैसे दिले, घर दिलं, नाही म्हणत नाही, रस्ता दवाखाना आता जवळ आहे हेही खरं. पण ज्या तारू देवावरून ताडोबा नाव पडलं तो आमचा देव. वाघाशी लढून मेलेला आमचाच माणूस तो, तळ्याकाठी त्याचं ठाणं. पौषात तिथं यात्रा भरायची, बैलबंडीनं जायचो, मुक्काम करायचो. आता आमच्याच देवाकडे जायचं तर गेट, वेळ, परवानगी. अन् बाजूनं जिप्सी जाते त्यात बसलेला माणूस गाईडला विचारते, हे कसलं देऊळ?

मोह मार्च-एप्रिलमध्ये पडते. तोच सफारीचा भर सीझन, कारण पाणवठ्यावर वाघ दिसते. आमची बाई पहाटे मोह वेचायला जंगलाच्या काठानं गेली तर तिला हटकतात. माणूस गेला तर २५ लाख देते सरकार, आकडा वाढवला, चांगलं केलं. पण वाघ जिप्सीसमोर आला तर आनंदानं श्वास रोखते अन् आमच्या धुऱ्यावर आला तर आम्ही डबे वाजवतो. वाघ एकच आहे गड्या.

पर्यटनाला विरोध नाही माझा. माझा पुतण्या गेटवर तिकीट तपासते. फक्त फायदे-तोटे म्हटलं का सगळे पैसे मोजत बसतात, देवाकडे जायचा रस्ता कोणाच्या हिशोबात धरायचा?

पानठेला_ऑनलाईन
एकच प्रश्न, नवीन गेटला वाघ पक्का दिसते का? आम्ही मागच्या वर्षी तीन सफाऱ्या केल्या, एक मोर अन् गाईडचा मोबाईल नंबर मिळाला फक्त

जिप्सी_नंबर_२७
@पानठेला हाच तर रोग आहे. पाहुण्याला वाघच पाहिजे, म्हणून ड्रायव्हरवर दबाव, टिपचा लोभ. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात वाघीण अन् तिची पिल्लं गाड्यांच्या मधात अडकली, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर-गाईडवर कारवाई झाली. बरोबरच झाली. पण मागच्या सीटवरून "और आगे लो भैया" म्हणणारा घरी जाऊन रील टाकून मोकळा.

चिखलदऱ्याची_कॉफी
शनिवार-रविवार पावसाळ्यात परतवाड्यापासून घाटात गाड्यांची रांग, अन् एप्रिलमध्ये आम्ही घोटभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहतो. दोन्ही चिखलदराच. बाकी वरच्या लोकांनी लिहिलंच.

गोंडपिपरी_एक्सप्रेस
दोन गोष्टी टाकतो. मी कामासाठी नेपाळात चितवनला गेलो होतो. तिथं कायद्यातच आहे की पार्कच्या उत्पन्नातले ३० ते ५० टक्के बफर झोनच्या लोकांसाठी. तिथल्या लोकांचंही रडगाणं आहेच, पैसा वरच्या वर पुढारी खातात वगैरे, पण थारू लोकांच्या गावात एकत्र होमस्टे चालतात, पाहुणा कोणाच्या घरी जाईल त्याची पाळी लागते, म्हणजे एकाचंच घर मोठं होत नाही. आपल्याकडेही गेटचा पैसा व्याघ्र प्रतिष्ठानात जमा होते, सरकारी तिजोरीत नाही, तर त्यातून तुमच्या गावाला काय आलं हे ग्रामसभेत विचारा, लेखी विचारा.

दुसरं. जमीन विकण्याआधी सातबारा बघा. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकताच येत नाही, तरी लोक इसार घेऊन बसतात अन् मग वर्षानुवर्षं खेटे. अन् बहिणींची नावं सातबाऱ्यावर आहेत का? भाव वाढला का सगळे नातेवाईक आठवतात.

आमच्या तालुक्यात पाचगाव आहे, २०१२ मध्ये जंगलावर गावाचा सामूहिक वनहक्क भेटला, गाव स्वतः बांबू विकते. तिथं सफारी नाही, वाघ दाखवत नाही कोणाला, तरी पोट्टे गावात आहेत. म्हणजे पर्यटन हा एकच रस्ता आहे असं समजू नका.

धुऱ्यावरचा_पोट्टा
सगळ्यांचे आभार, काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. रामदेगीच्या पाहुण्याचं ऐकून ती उठून आत गेली, तिचं माहेर तिकडचंच आहे.

बहिणींची नावं आहेत सातबाऱ्यावर, दोघींची. दलालानं हे विचारलंच नव्हतं अन् आम्हीही सांगितलं नव्हतं. मोठीला फोन केला तर ती म्हणे मला पैसा नको, दिवाळीला येते तेव्हा उतरायला जागा राहू द्या. लहान म्हणे किती भाव लागला? 😀

सध्या असं डोक्यात आहे. विकायचं नाही. त्या माणसाला अर्धा एकर भाड्यानं विचारायचं, रस्त्याकडचा, बोअर आमच्या परवानगीशिवाय मारायचा नाही असं लिहून. तो हो म्हणेल असं वाटत नाही. भावानं तोंड फुगवलं आहे.

मोहाखालची
भाड्याचा कागद रजिस्टर करून घ्या, अकरा महिन्यांची साधी चिठ्ठी नको. अन् भावाला आमच्याकडे पाठवा चार दिवस, सीझनमध्ये. पहाटे चारला उठून पाहुण्यांचा चहा करायला लावते, मग ठरवू दे.

धुऱ्यावरचा_पोट्टा
पाठवतो ताई. शनिवारी येते म्हणे, जेवण चुलीवरचं असेल तरच.