प्रति: थंडीतला पहाटेचा सराव
जाड स्वेटर चढवला की सायकलवर ग्वाल्हेरची पहाट निभते, हे वरचं म्हणणं पटलं नाही. स्वेटरातून वारा आरपार जातो. ५ अंशांत ताशी ३० किमीने गेलं की अंगाला शून्याची थंडी लागते. आत घाम टिपणारा पातळ बनियन, वर वारा अडवणारं जाकीट, आणि गुडघे झाकलेले हवेतच.

टायरच्या हवेचं मात्र कुणीच लिहिलं नाही. २० अंशांच्या खोलीत ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरली, की बाहेर ५ अंशांत ती ८५ च्या आसपास उतरते. पंक्चर समजून पुन्हा पंप मारू नका; ओल्या रस्त्यावर थोडी कमी हवाच बरी. रिम ब्रेकवाल्यांनी (ज्यांचे ब्रेकचे रबरी पॅड चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, घासतात) तर जपाच: धुक्यात रिमवर पाणी बसतं, पॅड आधी नुसतं ते पुसतो आणि मग एकदम पकडतो. चौकाच्या बरंच आधी ब्रेक हलका टेकवून रिम कोरडी करून घ्या.