मदत हवी आहे: सातवीतल्या मुलाशी 'त्या' विषयावर कसं बोलू?

नमस्कार मंडळी. मुलगा सातवीत आहे, आवाज फुटायला लागलाय. परवा रडवेला होऊन म्हणाला, "आई, मला काहीतरी आजार झालाय." झोपेत झालेला वीर्यपात, दुसरं काही नाही. पण पोरगं चार दिवस धड जेवलं नव्हतं! 'अशक्तपणा येतो, उंची खुंटते' असं मित्रांनी डोक्यात भरवलेलं.

पालकसभेत लैंगिक शिक्षणाचा विषय काढला, तर एक बाबा म्हणाले, "नको ते शिकवून मुलं बिघडतील." युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत जगभरच्या अभ्यासांचा आढावा आहे, अशा शिक्षणाने मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत, असं त्यात म्हटलंय. पण सभेत युनेस्कोचं कोण ऐकतंय? र. धों. कर्वे १९२७ पासून या विषयावर मासिक काढत होते, आणि आपण अजून 'शूऽऽ'वरच.

तर विचारायचं असं की, हे बोलणं बाबांनीच करावं का? (आमचे 'हे' विषय निघाला की पेपर उघडतात.) शाळेत समुपदेशकांचं सत्र ठेवायला मुख्याध्यापकांना कुणी पटवलंय का, कसं? आणि मोबाइलवर दिसतं ते खरं नसतं, हे त्याला न लाजवता कसं सांगायचं? अनुभव असेल तर लिहा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.