वकिलांची वाट कशाला बघायची?
'काही मोठं बिघडलं, तर वकिलांनी तपासल्याशिवाय कंपनीनं तोंड उघडू नये' असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. गिटलॅबचं बघा, प्रोग्रामर आपला कोड जिथं ठेवतात ती साइट. 31 जानेवारी 2017 ला त्यांच्या इंजिनिअरकडून चालू डेटाबेसच चुकून पुसला गेला. सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरला, आणि बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. एवढी अब्रू गेलेली असताना त्यांनी दुरुस्तीच्या नोंदींचा गूगल डॉक सगळ्यांना खुला केला, यूट्यूबवर काम थेट दाखवलं. नशिबानं साधारण सहा तास आधीची एक प्रत हाती होती, पण त्यानंतरचा डेटा गेला तो गेलाच, हेही सांगून टाकलं. नंतरच्या अहवालात इंजिनिअरचं नाव मात्र दिलं नाही. मला हे सगळ्यात आवडलं.

त्याच वर्षी इक्विफॅक्स, म्हणजे लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणारी अमेरिकी कंपनी. तिथल्या माहितीची चोरी 29 जुलैला कळली, लोकांना सांगितलं 7 सप्टेंबरला. तयारीला महिन्याहून जास्त वेळ मिळूनही त्यांच्याच ट्विटर खात्यानं ग्राहकांना भलत्याच, नकली साइटवर धाडलं! (ती एकानं धोका दाखवायलाच बनवली होती, म्हणून निभावलं.)

अर्थात गिटलॅबचे ग्राहक प्रोग्रामर, त्यांना असल्या नोंदी कळतात. बँकेनं असं थेट प्रक्षेपण केलं तर खातेदार घाबरून शाखेबाहेर रांगा लावतील. तिथं दर तासाला खऱ्या दोन ओळी टाकल्या तरी चालेल.