नव्या गाडीचं चारशे पानी पुस्तक: वाचायचं कुठून?

कोथरूडकर:
गाडी घेऊन आठच दिवस झालेत. काल पहाटे सिंहगडला निघालो तर समोर पिवळा दिवा. घोड्याचा नाल, मध्ये उद्गारचिन्ह. पुस्तक उघडलं तर पानोपानी 'वॉर्निंग' नि 'कॉशन'. बायको म्हणते, पारायणाला बसा. कुणी वाचलंय का हे?

नाना:
पहिल्या पानापासून वाचू नका हो. आधी दिव्यांच्या चित्रांचं पान, मग मागची सूची. तुमचा दिवा टायरमधल्या हवेचा.

पेठेतली:
गारठ्यात दाब उतरतोच, साधारण 5-6 अंश तापमान उतरलं की 1 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, तो आकडा धरा. टायरवर कोरलेला आकडा कमाल दाबाचा, तेवढी भरू नका. आणि टायर थंड असतानाच मोजा.

कोथरूडकर:
सापडला! स्टिकरवर 33, डाव्या पुढच्या चाकात 26. पौड रोडच्या पंपावर हवा भरली, पण दिवा हटेना.

नाना:
एवढा फरक गारठ्यानं नाही पडत, पंक्चर बघून घ्या. दिव्याचं म्हणाल तर काही गाड्यांत रीसेट करावं लागतं. सूचीत 'टायर' बघा.

कोथरूडकर:
'टी'खाली नव्हतं, 'व्हील्स'खाली निघालं. पान 312. आणि खिळाही निघाला.