सातबारा ऑनलाइन झाला, पण पुढच्या टेबलाला पटला का?

बांधावरचा:
डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळतोय. १५ रुपये भरा, घरबसल्या उतारा काढा. मी तो घेऊन पीककर्जाला गेलो, तर बँकेतल्या साहेबांनी कागद उलटून मागे शिक्का शोधला! पडताळणी क्रमांक त्यावरच छापलेला. तो टाकून बघायला मिनिट लागत नाही. पण "तलाठ्याच्या सहीचा आणा."

लोक नवी सेवा वापरत नाहीत ही ओरड खोटी आहे. कचेऱ्याच एकमेकींचा कागद मानत नाहीत. उलट खरेदीखताचं बघा. नोंदणीवाल्यांची दस्त नोंदवायची आय-सरिता ही प्रणाली महसूलच्या ई-फेरफारला, म्हणजे सातबारावरचे बदल नोंदवायच्या प्रणालीला, जोडलेली आहे. दस्त झाला की माहिती थेट महसूलकडे जाते. इंडेक्स टू (दस्ताचा गोषवारा) घेऊन तलाठ्यामागे पळणं संपलं.

निवृत्त अव्वल कारकून:
संपलं? नुसती नोंद धरली जाते. नोटीस, हरकतीचे १५ दिवस आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी आहेच की. आणि जोडणीचं काय सांगता, सेवा हुकमाने रुजते. हस्तलिखित सातबारा बंद केला म्हणून संगणकाचा चालला. दोन्ही चालू ठेवले असते तर तुम्हीसुद्धा हाताचाच मागितला असता.

बांधावरचा:
मागितला असता, कारण बँकेला तोच हवा होता!

सजावरची:
आम्हा तलाठ्यांना परिपत्रकं ढिगाने आली, त्यातून काही शिकले नाही बाई. तालुक्याच्या ग्रुपवर रात्री ११ ला कुणीतरी टाकायचं, "सर्व्हर चालू झालाय", की सगळे लॅपटॉप उघडायचे. शेजारच्या सजातल्या (तलाठ्याच्या हद्दीतल्या) भाऊंनी फोनवर एकेक बटण सांगितलं तेव्हा माझा पहिला फेरफार निघाला. हुकूम तर सगळ्या सजांना एकच होता. ज्यांना असे भाऊ नव्हते ते रखडले.

वारस नोंद प्रलंबित:
जोडणीचं कौतुक पुरे. आजोबांचं नाव संगणकावर चढवताना दगडूचं दादू झालं. पूर्वी चूक एका वहीत राहायची. आता जिथे जावं तिथे आमचे आजोबा दादू. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीला अर्ज दिलाय, तहसीलला चकरा चालू आहेत.

निवृत्त अव्वल कारकून:
जुन्या हस्तलिखिताची नक्कल जोडा. 'आपले अभिलेख' या महसूलच्या संकेतस्थळावर स्कॅन सापडेल.

वारस नोंद प्रलंबित:
ऑनलाइन काढलेली तहसीलला चालेल?

निवृत्त अव्वल कारकून:
ते आधी टेबलावर विचारून घ्या.